साठच्या बल्बचं शास्त्र

महाडात पाऊस लागला की सरांच्या क्लासच्या दारात एक गोणपाट पसरलं जायचं. आत येणारा कोणी का असेना, त्यानं आधी त्या गोणपाटावर उभं राहायचं. छत्री बाहेर पत्र्याखाली, चपला त्याच्याही बाहेर. सर खुर्चीवरून न उठता चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "आधी निथळा, मग बोला." एकदा कुठल्याशा कचेरीतले एक साहेब तावातावानं आले, त्यांनाही निथळायला लावलं. साहेबांचा पारा चढला. "मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?" सरांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "ओले आहात."

मी त्या क्लासात मुलांना टायपिंग शिकवायचे. पदवी घेऊन बसले होते, नोकरी लागत नव्हती, आणि आई म्हणाली, "घरात बसून तोंड चालवतेस, त्यापेक्षा बाहेर जाऊन हात चालव." सर मला 'मॅडम' म्हणायचे, पण वापरायचे स्टुलासारखं. जिथे त्यांचा हात पोचत नसे आणि गुडघे चढू देत नसत, तिथे मला चढवायचे. पोटमाळ्यावरची जळमटं मी काढायची, वरच्या वायरी मी ओढायच्या, आणि खाली उभं राहून मी कसं चुकीचं ओढते आहे ते सर सांगायचे.

सरांना जगात एकच शत्रू होता, दमट हवा. माणसं भावाशी भांडतात, शेजाऱ्याशी भांडतात, सर हवेशी भांडायचे, आणि तेही सावित्री आणि गांधारीच्या कुशीत वसलेल्या गावात. पावसाळाभर गळ्याला मफलर, खिशात टेस्टर आणि मानेला टाल्कम पावडर. तीच पावडर फडक्यावर घेऊन ते कीबोर्डवर फिरवायचे, म्हणजे बटणांना ओल धरत नाही. आमची मुलं टायपिंग करून निघाली की हात कोपरापर्यंत पांढरे. बाजारात लोक लगेच ओळखायचे, ही सरांकडची. बिस्किटाचा पुडा फोडला की पहिलं बिस्किट सर कानाशी धरून मोडायचे. कट्‌ असा आवाज आला नाही की पुडा शेजारच्या किराणावाल्या शेठकडे परत. शेठ हा शांत माणूस, पण जीभ तिखट. ते म्हणायचे, "सर, बिस्किट खायचं असतं, ऐकायचं नसतं." सर म्हणायचे, "त्याचं शास्त्र आहे." त्यांच्याकडे सगळ्याचंच शास्त्र होतं, आणि एकदा हे वाक्य आलं की समोरच्यानं पुढे बोलायचं नसे.

आता पेटीचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या पेटीपायी झालं.

क्लासच्या खोलीला वर पोटमाळा होता. तिथे, पत्र्याच्या अगदी जवळ, फणसाच्या लाकडाची एक मोठी पेटी होती आणि त्या पेटीत सरांचा मुख्य संगणक राहायचा. म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस खाली टेबलावर, आणि ज्याला सगळं जग सीपीयू म्हणतं तो डबा वर, झाकण लावून बंद. वायरी पोटमाळ्यावरून वडाच्या पारंब्यांसारख्या लोंबायच्या. पेटीत कोपऱ्यांना तांदळाच्या पुरचुंड्या, ओल शोषायला. आणि मधोमध साठ वॉटचा एक पिवळा बल्ब, दिवसरात्र चालू. आमच्याकडे पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात असा बल्ब लावतात, पापडांच्या फडताळात लावतात, म्हणजे बुरशी धरत नाही. सरांनी तोच न्याय संगणकाला लावला होता. झाकणाच्या फटीतून त्या उजेडाची एक पिवळी रेघ खाली बसल्या बसल्याही दिसायची. असले बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून सरांनी आधीच साठा करून ठेवला होता. एलईडीचं नाव काढलं की ते भडकायचे. "एलईडी म्हणजे निव्वळ फसवणूक. उजेड आहे, पण ऊब कुठे आहे?"

पेटीला पुढच्या बाजूला, बटणासमोर, एक भोक पाडलेलं होतं. बटण दाबायला बांबूची काठी, टोकाला जुन्या स्लीपरचं रबर. सकाळी सर टेबलापाशी उभे राहून एक डोळा मिटायचे आणि काठी वर नेऊन नेम धरायचे. नेम लागला की पेटीतून घरघर यायची, सर हात जोडायचे. नेम चुकला की काठी माझ्या हातात.

खोलीत आणखी दोन मशीनं होती, पण ती टायपिंग शिकण्यापुरती. इंटरनेट, स्कॅनर, प्रिंटर सगळं त्या मुख्य संगणकाला. आणि तो इतका संथ होता की शिष्यवृत्तीचा फॉर्म उघडायला घेतला तर तो उघडेपर्यंत पोराचं शिक्षण संपेल. साइटी जड होत गेल्या तसा तो आणखीच रेंगाळायला लागला. शेवटी सरांनी जाहीर केलं, "ह्याचा मेंदू बदलायचा."

मेंदू म्हणजे प्रोसेसर. सर प्रोसेसर म्हणत नसत. मुंबईला असलेल्या त्यांच्या भाच्यानं तिथल्या जुन्या बाजारातून एक दणकट प्रोसेसर आणून दिला, त्याच मशीनला बसणारा, पण कितीतरी ताकदीचा. सर दिवसभर तो तळहातावर घेऊन येईल त्याला दाखवत होते. "माणसाचा मेंदू बदलता येत नाही, ह्याचा येतो. म्हणून हा माणसापेक्षा श्रेष्ठ." मी मनात म्हटलं, माणसाचाही बदलता आला असता तर सरांसाठी मी स्वतः बाजारात वर्गणी मागत फिरले असते.

खोटं कशाला बोलू, बदलण्याचं काम त्यांनी नीट केलं. डबा खाली टेबलावर आणला, ब्रशनं धूळ काढली, जुना मेंदू उचलून कापसात ठेवला, नवा बसवला, त्यावर ती करडी पेस्ट नखाएवढी लावली, पंखा घट्ट केला. हात सफाईदार होता. चालू केला आणि अहो आश्चर्यम्, बोट लावायच्या आत पान उघडलं. शेठ दुकान सोडून बघायला आले. सरांनी सगळ्यांना चणे-फुटाणे वाटले, कारण पेढ्याला ओल सुटते. मग मला स्टुलावर चढवलं, डबा पेटीत ठेवला, झाकण लावलं, बल्ब आहेच. आम्ही चहा घेतला. चहा संपतो न संपतो तोच पडदा काळा झाला.

सरांनी काठीनं बटण दाबलं. चालू झाला, आणि थोड्या वेळानं पुन्हा झोपला. पुन्हा काठी, पुन्हा तेच.

डबा खाली आणला, उघडा करून टेबलावर ठेवला. दिवसभर घोड्यासारखा पळाला. वर पेटीत ठेवला, गारद. परत खाली, ठणठणीत. परत वर, गारद. शेंबड्या पोराला कळलं असतं की रोग डब्यात नाही, पेटीत आहे. सरांनी ह्यातून काढलेला निष्कर्ष असा, "चारचौघांत बरा वागतो, एकटा असला की घाबरतो. मुंबईच्या गर्दीतून आलाय."

मग उपचार सुरू झाले. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या. मग सरांना वाटलं, दोष अर्थिंगचा. मागच्या परसात अर्थिंगच्या खड्ड्यात शेठच्या दुकानातलं खडे मीठ ओतलं, वर पाणी, तेही भर पावसात, छत्री धरून. छत्री मी धरलेली. मग वीजपुरवठ्याचा डबा बदलला. मग व्हायरस. सरांच्या मते सगळे व्हायरस कशेडी घाट उतरून येतात आणि पोलादपूरला मुक्काम करून पेनड्राइव्हमधून महाडात शिरतात. म्हणून दारावर पाटी लागली, 'पोलादपूरच्या पेनड्राइव्हना प्रवेश नाही.' मग विंडोज पुसून नव्यानं टाकलं. शेवटी डबा टॉवेलात गुंडाळून एसटीनं पनवेलला एका मेकॅनिककडे नेला. त्यानं उघड्यावर ठेवून मनसोक्त चालवला आणि काही दोष नाही म्हणून परत पाठवला. सर विजयी मुद्रेनं आले, मी डबा पेटीत ठेवला, आणि तो नेहमीप्रमाणे चहाच्या वेळी गेला.

शेठ उंबऱ्यातून म्हणाले, "सर, त्या पेटीत कोंबडी बसवली असती तर एव्हाना पिल्लं निघाली असती."

मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होते. "सर, वर पत्रा, आत साठचा बल्ब, चहूकडून बंद. जुना मेंदू कामच करत नव्हता म्हणून तापत नव्हता. हा काम करतो. ह्याला वारा पाहिजे. तो बल्ब काढा."

सर एरवी चिडले की आवाज चढवायचे. बल्बचं नाव काढलं की आवाज उतरायचा. "मॅडम, ह्या बल्बनं मला वाचवलंय. तो विषय बंद."

त्या वाचवण्याची गोष्ट अख्ख्या बाजारपेठेला पाठ होती. मोठ्या पुरात बाजारात पाणी दुकानांच्या फळ्या ओलांडून वर गेलं होतं. सरांची टायपिंगची मशीनं, जी त्यांनी उभं आयुष्य तेल घालून जपली होती, ती चिखलात गेली. पाणी पोटमाळ्याच्या फळीखाली येऊन थांबलं. चिखल उपसून झाल्यावर, वीज आल्यावर, सरांनी मुंबईहून मागवलेला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला, काठीनं बटण दाबलं आणि पेटीतला संगणक सुरू झाला. बाजारात इतर सगळ्यांची यंत्रं मेली होती. मग लोकांची रांग लागली. कुणाचं रेशनकार्ड वाहून गेलेलं, कुणाचा दहावीचा दाखला, कुणाचा सातबारा. सरांनी सगळ्यांचे अर्ज भरून दिले, कुणाकडून काही घेतलं नाही. तेवढे दिवस ते महाडातले सगळ्यात मोठे माणूस होते. पुढे चिखल सुकला, लोक आपापल्या उद्योगाला लागले आणि सर परत विनोदाचा विषय झाले. पण त्यांच्या मनात ती रांग अजून उभी होती.

एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, पुरात वीज कुठे होती? वीजच नव्हती तर बल्ब पेटला कसा? संगणक वाचला तो उंचीवर होता म्हणून."

सरांनी कानाशी धरून एक बिस्किट मोडलं. मग म्हणाले, "आधीपासून कोरडा ठेवला होता, म्हणून तेवढे दिवस त्यानं तग धरला. त्याचं शास्त्र आहे." मी कपाळाला हात लावला. एखाद्या माणसाला खरं सांगून काही उपयोग नाही हे मला त्या दिवशी कळलं, आणि तरी गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये प्रज्ञा आली.

प्रज्ञा पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावच्या बौद्धवाडीतली. बारावीच्या सुट्टीत आमच्याकडे टायपिंगला यायची. बोलायला कमी, बोटं वाऱ्यासारखी. तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता आणि तो मोबाइलवर भरू का, असं तिनं सरांना विचारलं, इथेच तिची चूक झाली. सर म्हणाले, "छे! मोबाइलवर कागदपत्रं पुसट येतात, फॉर्म नाकारतात. त्याचं शास्त्र आहे. मुख्य संगणकावर भरू. मेंदू एकदा रुळला की तुझा पहिला." पोरीनं विश्वास ठेवला. ती यायची, संगणक आजारी असायचा, सर तिला परत पाठवायचे. मी एकदा तिला बाहेर गाठून सांगितलं, दुसरीकडे भर गं. ती म्हणाली, "सर बोललेत ना, मॅडम. त्यानला वाईट वाटंल." असं करता करता मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला.

त्या दिवशी ती आईला घेऊन आली. पाऊस असा की समोरचं दुकान दिसेना. दोघी गोणपाटावर उभ्या राहिल्या.

"जयभीम, सर," आई म्हणाली.

"जयभीम, जयभीम. आधी निथळा."

मी फॉर्म भरायला बसले. नाव, पत्ता, गुण, जातीचा दाखला, फोटो, एकेक कागद स्कॅन करून चढवायचा. शेवटचा कागद चढवायला घेतला आणि पडदा काळा. सरांनी काठी मारली. साइटनं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. पुन्हा भरला. ह्या वेळी फोटोपाशीच बंद पडला. तिसऱ्यांदा जातीच्या दाखल्यापाशी. दुसऱ्या सेंटरला जावं तर तिथल्या रांगा रस्त्यापर्यंत आल्या होत्या, शेठनी बघून येऊन तसं सांगितलं. प्रज्ञाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, आज नाय गेला तर वर्ष जाईल," ती म्हणाली.

सर म्हणाले, "वर्षाचं काय एवढं, पुढच्या वर्षी..."

आई पुढे झाली. ती आता बोलली, आणि आवाज न चढवता बोलली. "पुढच्या वर्सी नाय वो, सर. वर्ष गेला की ही एमआयडीसीत पॅकिंगला. हिचा बाप मुंबईत वॉचमन हाय, त्यानं सांगून ठेवलंय. माजी मोठी बी अशीच गेलती, एक वर्सापुरती. अजून पुडंच भरतेय. एकदा गेली का कोन परत येतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, आता तरी तो बल्ब काढा! नाहीतर मी काढते." मी स्टूल ओढलं.

"मॅडम, स्टूल खाली ठेवा." सर माझ्याकडे बघतच नव्हते. ते वर पेटीकडे, त्या पिवळ्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "ह्या दोघींना घेऊन जा आणि समोर चहा पाजून आणा. शेठ, तुम्हीही जा."

"आत्ता? चहा?"

"माणसांची वाफ बाधते त्याला. ओले कपडे, चार माणसं, बंद खोली. खोली रिकामी हवी. त्याचं शास्त्र आहे."

मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी गेले, कारण प्रज्ञाच्या आईचे हात थंडीनं काकडत होते. चहाच्या टपरीवर मी सरांचा यथेच्छ उद्धार केला. हा माणूस मूर्ख आहे, हेकट आहे, ह्याच्या शास्त्रापायी एका पोरीचं वाटोळं होणार आहे. शेठ मान डोलावत होते. आई बशीतला चहा फुंकत म्हणाली, "नका बोलू असं. वाहून गेलेला माज्या पोरीचा दाखला त्यांनीच काढून दिलावता."

आम्ही परत आलो तेव्हा सर आपल्या खुर्चीत बसले होते. संगणक चालू होता, साइट उघडलेली होती. "बसा," ते मला म्हणाले. "घाई करू नका."

मी भरायला लागले. गुण गेले. फोटो गेला. जातीचा दाखला गेला. मी श्वास रोखून शेवटचा कागद चढवला, तोही गेला. बटण दाबलं, आणि पडद्यावर प्रज्ञाचा अर्ज क्रमांक आला. प्रिंटरमधून कागद निघाला. मग प्रज्ञा एकदम रडायला लागली आणि आई तिला म्हणाली, "रडतेस काय गो, कागद भिजंल."

सर खूश झाले. "बघा! नवीन मेंदूला रुळायला वेळ लागतो, मी पहिल्यापासून सांगत होतो."

"कमाल आहे," शेठ म्हणाले. "चहा आम्ही प्यालो आणि तरतरी त्याला आली."

मी तोंड उघडणार होते. पण माझी नजर वर गेली. पेटीच्या फटीतली पिवळी रेघ नव्हती. झाकण तिरकं झालं होतं, आणि त्या काळपट फणसाच्या लाकडावर पावडरचे दोन पांढरे पंजे उठले होते. स्टूल भिंतीशी परत नीट लावून ठेवलेलं होतं. मी सरांकडे बघितलं. त्यांनी उजवा हात रुमालात गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि डाव्या हातानं माऊस पुसत होते. पेटता बल्ब तसाच हातानं फिरवून काढला होता त्या माणसानं. तेही जे गुडघे पायरी चढायला नकार द्यायचे, त्या गुडघ्यांवर स्टुलावर चढून, खोलीत कोणी नसताना.

मला त्यांचा भयंकर राग आला. बोटं भाजून घेईन पण चुकलो म्हणणार नाही, हा काय पुरुषार्थ? आणि त्याच वेळी असंही वाटलं की उठून त्यांच्या बोटांना तूप लावावं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. प्रज्ञाची आई पाया पडायला वाकली तर सर खुर्चीसकट मागे सरले. "ओल्या हातानं नको!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर संगणक खाली, टेबलावर, उघड्या खिडकीशेजारी. सरांनी आपण होऊन कारण सांगितलं. "काठीनं नेम धरून खांदा दुखतो." मी मान डोलावली. त्यानंतर तो कधीही बंद पडला नाही. वर बघितलं तर पेटीच्या फटीत पिवळी रेघ परत आली होती. आत आता काहीच नव्हतं, नुसत्या तांदळाच्या पुरचुंड्या आणि पेटता बल्ब. शेठना ही थट्टा पुढे वर्षभर पुरली. येईल त्या गिऱ्हाइकाला हात धरून दाखवायचे, "या, आमच्या सरांचं देवघर बघा. देव नाही, पण समई अखंड."

नंतर मला पनवेलला नोकरी लागली, तिथेच संसार झाला. प्रज्ञाला नर्सिंगला जागा मिळाल्याचं सरांनी फोन करून कळवलं होतं, श्रेय अर्थातच नव्या मेंदूला देऊन. मग फोनही कमी झाले.

गेल्या पावसाळ्यात आईला बरं नव्हतं म्हणून महाडात गेले होते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सावित्री फुगली होती, नगरपालिकेची गाडी सावध राहा म्हणून ओरडत फिरत होती, आणि बाजारात जो तो आपला माल वरच्या फळ्यांवर चढवत होता. मी सरांकडे गेले. गोणपाट होतंच.

"आधी निथळा."

निथळले. सर वाळले होते, मफलर तोच. संगणक तोच, टेबलावर. वर पिवळी रेघ तीच. मला राहवलं नाही. "सर, अजून तो बल्ब? रिकाम्या पेटीत?"

"रिकामी कोण म्हणालं?"

तेवढ्यात शेठ आले. तेही म्हातारे झाले होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत दुकानाची आणि घराची कागदपत्रं. नेहमीची तिखट जीभ कुठे गेली होती कोण जाणे. गोणपाटावर आपण होऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, जरा वर ठेवून घ्या." सरांनी एक कागद काढून त्याचं टोक कानाशी धरलं, बोटानं टिचकी मारली, ऐकलं. "चालेल," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून स्टुलाकडे बोट केलं. इतक्या वर्षांनीही मी मुकाट्यानं चढले.

झाकण उघडलं आणि गरम हवेचा झोत तोंडावर आला. पेटी भरत आली होती. अर्ध्या बाजारपेठेचे दाखले, कार्डं, सातबारे, वर नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. जे लोक वर्षभर ह्या पेटीवर पोट धरून हसायचे, त्या सगळ्यांची नावं मी वाचली.

मी वर असतानाच दारात एक बाई आली. प्रज्ञाची आई. मी ओळखलं, तिनं मला नाही. दरडीच्या भीतीनं त्यांची वाडी रिकामी केली होती, लोकांना पोलादपुरात शाळेत ठेवलं होतं, आणि ही तिथून मिळेल त्या गाडीनं महाडला आली होती. डोक्यापासून पायापर्यंत चिंब. पदराआड, पोटाशी धरलेलं प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं एक पुडकं.

"जयभीम, सर. डोंगराचा काय भरवसा नाय. पोर तिकडं मुंबयला ड्युटीवर हाय, तिचे सगले कागद हिते ठेवा."

"जयभीम. आधी..." सर म्हणाले आणि थांबले. मग स्वतः उठून दारापर्यंत गेले.

"मी भिजले, ते नाय भिजले," ती म्हणाली.

सरांनी पुडकं सोडलं. वर नर्सिंगचं प्रमाणपत्र होतं. त्यांनी ते कानाशी धरलं, हलकेच टिचकी मारली. मग पुडकं परत बांधून दोन्ही हातांनी माझ्याकडे वर केलं. मी ते शेवटच्या मोकळ्या कोपऱ्यात बसवलं. आता तिथे एक कागद शिरला नसता.

"सर, आणि संगणक?" मी वरून विचारलं. "पाणी आलं तर तो खालीच आहे."

सर फडक्यावर पावडर टाकत होते. त्यांनी टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. "जागा कुठे आहे आता?" ते म्हणाले. "आणि मॅडम, बल्बला हात लावू नका. कागदाला ऊब लागते. त्याचं शास्त्र आहे."

 मी झाकण लावलं आणि खाली उतरले.